चेंडू कोणत्या पायाखाली होता

नीगाताला आपल्याकडचं कोणी सहलीला जात नाही. टोकियोला आलेले पाहुणे क्योतोची देवळं बघतात, फुजी पर्वतासमोर फोटो काढतात आणि परत जातात. मीसुद्धा जपानमध्ये चार वर्षं काढूनही नीगाताला गेले नव्हते. गेले ती कानेदा-सानमुळे.

कानेदा-सान टोकियोत, आमच्या फुनाबोरी भागातल्या इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. वय सदुसष्ट, उंची माझ्या खांद्याइतकी, दोन्ही गुडघे दुखरे. माझ्या नवऱ्याच्या, सुहासच्या कंपनीने आम्हाला पुण्याहून इथे आणून सोडलं, त्या पहिल्याच आठवड्यात मी कचरा चुकीच्या दिवशी खाली ठेवला होता. ती पिशवी घेऊन त्या वर आल्या, दारातच बसल्या आणि कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते मला कागदावर चित्रं काढून समजावलं. माझं पुण्यात शिकलेलं पुस्तकी जपानी ऐकून त्या पोट धरून हसल्या. पुढे आमची मैत्री झाली. त्या मूळच्या कोरियन. आईवडील कोरियातून आलेले, पण त्यांचा स्वतःचा जन्म जपानातलाच. मी मासे खात नाही म्हणून कोळंबी न घातलेली किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, त्या माझ्यासाठी वेगळ्या बरणीत मुरवायच्या.

सप्टेंबरात एका सकाळी त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "मेधा-सान, माझ्याबरोबर दोन दिवस नीगाताला येशील का? तिथे एका माणसाला भेटायचंय. एकटीने जायचं धाडस होत नाही."

"तुमची मुलगी?"

"तिला हे सगळं आवडत नाही. ती म्हणते, जुनं उकरू नकोस."

काय उकरायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सहामाही अखेर असल्यामुळे सुहास ऑफिसातच राहायला गेल्यासारखा होता. मुलीला, रेवाला, मैत्रिणीकडे ठेवलं, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि शनिवारी सकाळी आम्ही निघालो. हे सगळं त्यांना विचारूनच लिहिते आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

डोंगरापलीकडे

शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, टोकियोची उपनगरं मागे टाकते आणि मग डोंगरात शिरते. एकामागून एक बोगदे. अंधार, क्षणभर हिरवी दरी, पुन्हा अंधार. कानेदा-सान खिडकीशी बसल्या होत्या आणि प्रत्येक उजेडाच्या तुकड्यात त्यांचा चेहरा वेगळा दिसत होता. एकदा म्हातारा, एकदा अगदी पोरीसारखा. शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि पाहते तर सपाट, अफाट सोनेरी शेतं. भात कापणीला आला होता. वर धुरकट आभाळ, त्यात ऊन विरघळल्यासारखं. मावळात आजोळी मी भाताची खाचरं पाहिली होती, पण ती डोंगराच्या कुशीत बसलेली, लहान लहान. इथे जमीन कुठे संपते तेच कळत नव्हतं.

"तेव्हा ही गाडी नव्हती," कानेदा-सान म्हणाल्या. "आम्ही रात्रभर बसून आलो होतो. आई, मी आणि योंगसू."

"योंगसू कोण?"

"माझा भाऊ." एवढं बोलून त्यांनी धपाट्याचा तुकडा तोडला आणि चटणी तिखट आहे म्हणत पाणी मागितलं.

ज्यांना भेटायचं होतं ते आराई-सान नीगाता शहरापासून बरंच आत, एका खेड्यात राहत होते. छोट्या लोकल गाडीने जाऊन पुढे बस पकडायची होती. वेळापत्रक मी वाचलं. मोठ्या ऐटीत वाचलं. पण ते होतं सोमवार ते शुक्रवारचं. शनिवारची बस आम्ही पोहोचायच्या दहा मिनिटं आधी निघून गेली होती आणि पुढची तीन तासांनी होती. स्टेशनवर कोणी नाही, टॅक्सी नाही, एक पेयांचं यंत्र तेवढं गुणगुणत उभं.

"चालू या," कानेदा-सान म्हणाल्या.

"तुमचे गुडघे?"

"पंचेचाळीस वर्षं थांबलेय. आता बाकावर बसून थांबवत नाही."

आम्ही शेतांच्या मधल्या रस्त्याने निघालो. कापलेल्या भाताच्या पेंढ्या आडव्या बांबूंवर उलट्या टांगलेल्या होत्या. दूर कुठेतरी तूस जळत होतं आणि त्याचा निळसर धूर जमिनीलगत तरंगत होता. पांढरे बगळे चिखलात उभे. अर्धा तास चालल्यावर कानेदा-सान पाटाच्या कठड्यावर बसल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, समोर बघत, मी काही न विचारता त्यांनी सांगायला सुरुवात केली.

त्या लहानाच्या मोठ्या झाल्या कावासाकीत, पोलादाच्या कारखान्यांमागच्या वस्तीत. वडील लवकर गेले. योंगसू त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. कारखान्याची काळी राख टाकून भरलेल्या मैदानावर तो फुटबॉल खेळायचा. डावखुरा, म्हणजे डाव्या पायाचा. कारखान्याच्या भिंतीवर खडूने चौकट आखून तो संध्याकाळभर डाव्या पायाने चेंडू मारत बसे. त्याच्या शाळेच्या संघाने शहरातल्या सगळ्यांना हरवलं, पण कोरियन मुलांच्या शाळेला देशपातळीवरच्या स्पर्धेत घेत नसत. त्याच सुमाराला, म्हणजे साठ सालाच्या आसपास, नीगाताहून उत्तर कोरियाला बोटी जायला लागल्या होत्या. जपानमधले हजारो कोरियन लोक त्या बोटींनी गेले. तिकडे घर आहे, शिक्षण आहे, कोणी परका म्हणणार नाही, असं त्यांना सांगितलं होतं. योंगसूला सांगितलं, तू देशासाठी खेळशील.

"अठरा वर्षांचा होता. म्हणाला, मी पुढे जातो. तुम्ही दोघी वर्षाभरात या. बंदरावर आई रांगेत उभी होती, तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, ताई, पत्रं उघडून वाचतात म्हणे. मी फोटो पाठवीन. चेंडू डाव्या पायाखाली असला तर या. उजव्या पायाखाली असला तर काही झालं तरी येऊ नका. आईला सांगू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही."

"मग फोटो आला?"

"दोन वर्षांनी. तिकडच्या रंगीत मासिकात. पहिल्या रांगेत मधोमध बसलेला. छातीवर पदकं. हसत होता. आणि चेंडू उजव्या पायाखाली."

एक बगळा उडाला. त्या तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या.

आईने तो फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला. मुलगा मोठा झाला, देशाच्या संघात आला, आता जायला हवं. तीनदा तिने सामान बांधलं. तीनदा कानेदा-सान म्हणाल्या, मी येणार नाही. कारण सांगता येत नव्हतं. आईने शेजाऱ्यांना सांगितलं असतं, शेजाऱ्यांनी आणखी कोणाला, आणि ते समुद्रापार पोहोचलं असतं तर भोगावं योंगसूला लागलं असतं. मुलीला एकटं टाकून आईही गेली नाही. पण मरेपर्यंत म्हणत राहिली, तुझ्यामुळे माझा मुलगा मला दिसला नाही.

"आणि खरं सांगू?" कानेदा-सान म्हणाल्या. "मला स्वतःलाच खात्री नव्हती. फोटोवाल्याने सांगितलं असेल, पाय असा ठेव. योंगसू तिकडे इतका मोठा झालेला, विसरलाही असेल. एका फोटोवरून मी आईचं आयुष्य थांबवलं का? इतकी वर्षं मी तो चेंडू बघतेय."

आराई-सानही मूळचे कोरियनच, त्यांची थोरली बहीण तिकडे, योंगसूच्याच गावात राहते. ते बोटीने तिला भेटायला जात असत. उन्हाळ्यात निघण्यापूर्वी कानेदा-सानने त्यांच्याकडे एकच प्रश्न दिला होता. ते परत आले होते. उत्तर आणलंय म्हणाले, पण फोनवर नको.

तेवढ्यात मागून एक छोटा शेतकी ट्रक आला. पुढे ड्रायव्हरशेजारी एकाच माणसाची जागा आणि मागे भाताची पोती. शेतकरी कानाला टोपी बांधलेला, सत्तरीचा गृहस्थ होता. मी पत्ता दाखवला. त्याने कानेदा-सानना उचलल्यासारखं करून आत बसवलं आणि मला म्हणाला, "तुम्ही इथेच थांबा. पोत्यांवर बसवलं तर पोलीस मला दंड करतील. परत येतो."

ट्रक गेला आणि मी त्या पाटावर एकटी राहिले. असा अर्धा तास मला आयुष्यात फार वेळा मिळालेला नाही. वारा आला की शेत एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत हळूच कूस बदलायचं. धुरामुळे दूरची घरं जमिनीपासून सुटून तरंगत असल्यासारखी दिसत होती. राखेच्या मैदानावरचा तो डावखुरा मुलगा मला त्या धुरात दिसायला लागला. मी त्याला ओळखत नव्हते, तरी दिसत होता. भिंत, खडूची चौकट, चेंडूचा ठप ठप आवाज. जाग आल्यासारखी मी दचकले तेव्हा शेतकरी ट्रकचा हॉर्न वाजवत होता.

आराई-सानकडे

आराई-सान उंच, किडकिडीत, अतिशय हळू बोलणारे. घरात ते आणि त्यांची बायको. बायकोने आमच्यासाठी नव्या तांदळाचा भात शिजवला होता. झाकण उघडलं आणि मला आजोळच्या इंद्रायणीचा वास आला, तोच ओलसर, गोड वास. बरोबर बांबूच्या पानात गुंडाळून वाफवलेले, आत गोड पुरण असलेले हिरवे लाडू. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांसारखे. मी दोन खाल्ले. कानेदा-सानपुढे बशीत सोललेलं पेर, म्हणजे नाशपाती, होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"आधी तो कसा आहे ते सांगा," त्या म्हणाल्या.

"बरा आहे. उजवा गुडघा अधू आहे. केस सगळे पांढरे." आराई-सानने हात मांडीवर ठेवले. "जे मी पाहिलं आणि माझ्या बहिणीने सांगितलं तेवढंच सांगतो."

मग त्यांनी योंगसूचं आयुष्य सांगितलं. सुरुवातीची सात-आठ वर्षं तो तिकडचा तारा होता. रेडिओवर सामना लागला की खाणीतली माणसंसुद्धा वर येऊन ऐकत. राजधानीत त्याला घर मिळालं, नळाला गरम पाणी, भेट म्हणून मनगटी घड्याळ. पोरं मागे धावत. पण परवानगीशिवाय तो शहराबाहेर जाऊ शकत नव्हता आणि जपानहून आलेला म्हणून त्याच्या खोलीत कायम आणखी एक खेळाडू ठेवलेला असे. एकदा परदेशात स्पर्धेला गेले असताना हॉटेलच्या जिन्यात त्याला एक जपानी वार्ताहर भेटला. योंगसूने त्याला जपानीत एक प्रश्न विचारला.

"काय?" कानेदा-सान पुढे झुकल्या.

"कावासाकीत अजून ट्राम चालते का?"

आराई-सानची बायको उठून आत गेली.

"एवढंच विचारलं?"

"एवढंच. कोणीतरी ऐकलं. परत गेल्यावर कोणी आरडाओरडा केला नाही. एक गाडी आली, दोन तासांत घर रिकामं करायला सांगितलं. पेपरात त्याचं नाव येणं थांबलं. संघाचे जुने फोटो छापायचे तर तो बसला होता तेवढी जागा कापून छापायचे. उत्तरेच्या डोंगरात कोळशाच्या खाणीवर पाठवलं. अकरा वर्षं खाणीत होता. गुडघा तिथेच गेला. मग तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्याला मुलींना फुटबॉल शिकवायला घेतलं. त्यांनी तरुणपणी त्याचा सामना पाहिला होता. तसं ते कधी बोलले नाहीत. आता गावात सगळे त्याला डावा मास्तर म्हणतात. माझी बहीण सांगते, तो रस्त्याने गेला की म्हातारे खाणकामगार अजून बाकावरून उठून उभे राहतात. का ते कोणी बोलत नाही."

बाहेर पेराच्या झाडाखाली मांजर झोपलं होतं.

"आणि माझा प्रश्न?"

"तो मक्याची कणसं घेऊन बहिणीकडे आला होता. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी विचारलं. तुमची ताई विचारतेय, फोटोत चेंडू उजव्या पायाखाली होता, तो तुम्ही ठेवला की कोणी ठेवायला लावला?" आराई-सान थांबले. "तो आधी हसला. खूप वेळ हसला. मग म्हणाला, ताईला सांगा, फोटोवाल्याने मला चार वेळा सांगितलं, चेंडू डाव्या पायाखाली घे, लोक तुझा डावा पाय ओळखतात. चार वेळा तो पुढे येऊन चेंडू सरकवून गेला. चारही वेळा मी तो परत उजव्या पायाखाली घेतला."

"चार वेळा," कानेदा-सान म्हणाल्या.

"चार वेळा."

"लहानपणीही असाच होता. हट्टी." त्यांनी पेराची फोड उचलली आणि खाल्ली. मग दुसरी. सगळी बशी त्यांनी संपवली, अगदी सावकाश, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसण्याचीही तसदी घेतली नाही.

"त्यानेही एक विचारलंय," आराई-सान म्हणाले. "आईला त्या खुणेचं माहीत होतं का? पुढच्या खेपेला मी काय सांगू?"

कानेदा-सानने बशी खाली ठेवली. "तुम्ही काही सांगू नका. मी जाऊन सांगेन."

बंदर

रविवारी सकाळी परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही बंदरावर गेलो. पहाटे पाऊस पडून गेला होता. समुद्र राखाडी, आभाळही राखाडी, आणि दोन्हींच्या मधली रेघ कोणीतरी बोटाने पुसून टाकलेली. क्षितिजावर सादो बेट मधूनच दिसायचं, मधूनच नसायचं. उत्तर कोरियाला जाणारी ती पांढरी बोट धक्क्याला लागलेली होती. मी काहीतरी भीतिदायक पाहायला मिळेल म्हणून गेले होते. पाहिली ती आपल्या कोकणच्या एसटीला शोभेल अशी गर्दी. म्हातारीकोतारी माणसं, दोऱ्यांनी बांधलेली खोकी, जुन्या सायकली, भात शिजवायचे कुकर, लोकरीच्या गुंड्यांच्या पिशव्या. एक आजोबा प्रत्येक खोक्यावर कोरियन अक्षरात नाव घालत होते आणि त्यांची बायको, चूक झाली, परत लिहा, म्हणून त्यांच्यावर खेकसत होती.

"तेव्हा बँड वाजत होता," कानेदा-सान म्हणाल्या. "रंगीत कागदाच्या पट्ट्या बोटीवरून आमच्याकडे फेकल्या होत्या. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. बोट सुटली तशी पट्टी ताणली गेली. तुटू नये म्हणून मी धक्क्याच्या टोकापर्यंत धावले."

"तुटली?"

"कागदच तो."

फाटकाशी एक अधिकारी उभा होता. कानेदा-सान सरळ त्याच्याकडे गेल्या आणि बोटीत चढायला किती पायऱ्या आहेत ते विचारलं. त्याला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारला. त्याने बिचाऱ्याने आत जाऊन कोणाला तरी विचारलं आणि येऊन सांगितलं, "बावीस." त्यांनी मान डोलावली, माझ्या हातातली छत्री काठीसारखी घेतली आणि आम्ही स्टेशनकडे निघालो. येताना बोगदे सुरू होण्यापूर्वीच त्यांना झोप लागली.

त्या हिवाळ्यात त्यांची मुलगी सायतामाहून दोनदा येऊन भांडून गेली. तिसऱ्यांदा आली ती आईसाठी गुडघ्यांचे पट्टे आणि मामासाठी लोकरी मोजे घेऊन. मे महिन्यात कानेदा-सान बोटीने तिकडे गेल्या. आम्ही त्यांना टोकियो स्टेशनवर सोडायला गेलो, रेवाने त्यांना चित्र काढून दिलं. दोन आठवड्यांनी त्या परतल्या. नंतर फार दिवस झाले नाहीत आणि दोन देशांमधलं वातावरण बिघडून ती बोट यायचीच बंद झाली. त्यामुळे ती एकच भेट.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी त्या किमचीची बरणी घेऊन वर आल्या. मी चहा टाकला आणि विचारलं, "सांगितलंत?"

त्यांनी जे सांगितलं ते असं. योंगसूला आगगाडीने तिकडच्या बंदराजवळच्या हॉटेलात आणलं होतं. चार दिवस रोज दुपारी भेट. पण खोलीत कायम तिसरा माणूस, सरकारी, पन्नाशीचा, वहीत लिहून घेणारा. कोरियनमध्येच बोलायचं असा नियम आणि कानेदा-सानचं कोरियन मोडकं. बहीणभावाला तीन दिवस जेवणाखेरीज दुसरा विषय सापडला नाही. हे खा, ते खा. चौथ्या दिवशी निघायच्या तासभर आधी त्या सरकारी माणसाने वही मिटली. योंगसूकडे न बघता म्हणाला, "मी लहान असताना वडील मला खांद्यावर घेऊन तुमचा सामना ऐकायला चौकातल्या भोंग्याखाली उभे राहायचे." मग म्हणाला, "मी बाहेर एक सिगारेट ओढून येतो." आणि दार ओढून घेतलं.

"एका सिगारेटला किती वेळ लागतो गं?" कानेदा-सान मला म्हणाल्या. "मी जपानीत घाईघाईने सांगितलं. आईला माहीत नव्हतं. मी सांगितलंच नाही. ती माझ्यावर रागावूनच गेली."

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. खुर्चीवरून उठला. तो गुडघा वाकत नाही त्याचा, तरी भिंतीला धरून खाली बसला आणि माझ्यासमोर जमिनीला कपाळ टेकलं. आमच्याकडे आईबापांना नमस्कार करतात तसं. मी ऊठ म्हटलं, उठेना. तसाच राहिला. त्याचे पांढरे केस माझ्या पायांपाशी. दाराबाहेर पावलं वाजली तेव्हा उठला, कपडे झटकले, खुर्चीवर बसला. तो माणूस आत आला, त्याने वही उघडली. आणि योंगसूने मला कोरियनमध्ये विचारलं, ताई, जेवलीस का?"